कायमचा पत्ता

आजारी माणसाला प्रथम काय विचारावे, असे कोणी पुसले तर आपण सारे एकमुखाने सांगू की, 'काय होते आहे?' असे विचारावे. व्यवहारात मात्र हा प्रश्न हल्ली मागे पडला आहे. पहिला प्रश्न असतो, 'तुम्ही कुठले?' आणि त्याला लागूनच दुसरा, 'कार्ड आहे का?' या दोहोंची उत्तरे मनाजोगती मिळाली की मग नाडीला हात लागतो. हे गैर आहे, असे म्हणणे सोपे आहे. ते नेमके का गैर आहे आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा, हे सांगणे तितके सोपे नाही. एका घरगुती प्रसंगाने आम्हांला या विचारात ढकलले, आणि इतके दिवस लोटले तरी त्यातून आम्ही पुरते बाहेर आलेलो नाही.

२०२२ च्या सप्टेंबरातली ही गोष्ट. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. शिरोड्यासारख्या गावातून बारावी झालेले मूल पुढच्या शिक्षणासाठी बहुधा घर सोडतेच. त्यात नवल नाही. चौघांत एक खोली, दोन वेळचे जेवण खाणावळीत, आणि दर रविवारी मिस्सेनंतर आईला फोन, असे त्याचे चालले होते. त्याला ताप भरला. पहिले तीन दिवस त्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून काढले. 'वेळीच डॉक्टरकडे का गेला नाहीस?' असे आम्ही त्याला मागाहून जरा रागानेच विचारले. तो शांतपणे म्हणाला की, तपासणीची फी आणि रक्ताची चाचणी यांत जे पैसे गेले असते त्यांत खाणावळीचा आठवडा निघतो. या उत्तरावर रागावण्याचा अधिकार आम्हांला उरला नाही. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, आपल्याकडचे बहुतेक आरोग्यविमे रुग्णालयात खाट धरल्याशिवाय पैसा देत नाहीत. म्हणजे जो वेळीच डॉक्टरकडे जातो त्याने आपल्या खिशातून भरावे, आणि जो दुखणे अंगावर काढून आडवा होतो त्याला भरपाई मिळावी, असा हा न्याय आहे.

चौथ्या रात्री त्याला उभे राहवेना. खोलीतल्या मुलांनी त्याला रिक्षात घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. डेंग्यू निघाला, प्लेटलेट वीस हजारांच्या खाली उतरल्या होत्या. अनामत रक्कम तीस हजार सांगण्यात आली. मुलांनी आपापसांत गोळा केले ते अकरा हजार. त्यांतल्या एकाची शिष्यवृत्ती त्याच आठवड्यात जमा झाली होती, म्हणून निदान एवढे तरी जमले. उरलेले एकोणीस हजार रात्री साडेअकराला दुकानाची फळी उघडून खाणावळवाल्यांनी दिले. त्यांचा या मुलाशी संबंध महिन्याच्या कुपनापुरता होता.

दुसऱ्या दिवशी आमची बहीण आणि मेहुणे आंबोलीचा घाट चढून तेथे पोहोचले ते एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत चार कागद होते. त्या चार कागदांची कहाणी थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमचा सारा प्रश्न तिच्यात आहे.

पहिला कागद महाविद्यालयाचा. दरवर्षी फीबरोबर 'विद्यार्थी विमा' या नावाखाली काही रक्कम घेतली जात होती व तिची पावतीही होती. कार्यालयात विचारता कळले की तो विमा केवळ अपघाताचा. 'डास चावणे हा अपघात होत नाही,' असे तेथील लिपिकाने सांगितले. त्या वेळी हे उत्तर आम्हांला उर्मट वाटले. पण त्याच्या बाजूने पुरावा आहे. आफ्रिकेतील मोझांबिक देशात नोकरीला असलेले एक गृहस्थ मलेरियाने वारले आणि त्यांच्या पत्नीने अपघात विम्याचा दावा केला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जेथे डास आणि मलेरिया नित्याचेच आहेत तेथे डासाच्या दंशाने आलेला मृत्यू हा अपघाती मृत्यू मानता येत नाही, असा निकाल २०१९ साली लागला. लिपिकाला हा खटला ठाऊक असेल असे नाही, पण न्यायालय आणि तो एकच बोलले.

दुसरा कागद मेहुण्यांच्या नोकरीचा. ते गोव्यात, पेडणे तालुक्यातील एका हॉटेलात काम करतात. रोज सकाळी मोटारसायकलने तेरेखोलची खाडी ओलांडून जायचे आणि रात्री शिरोड्याला परतायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम आहे. त्यांचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत होते. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना कामगाराच्या सबंध कुटुंबाला उपचार देते, आणि कामगाराचा हिस्सा आता पगाराच्या अवघा पाऊण टक्का आहे. एकवीस हजारांच्या पगाराला महिन्याचे दीडशे-एकशेसाठ रुपये. परंतु २०१७ पासून तिची मर्यादाही तीच, मासिक २१,००० रुपये. २०१९ साली मेहुण्यांचा पगार या आकड्याच्या पुढे सरकला आणि पुढे त्यांचे नाव योजनेतून गेले. रुग्णालयाच्या बाकावर बसून ते आम्हांला म्हणाले, "दादानू, पगार वाडलो तेवा मी पेढे वाटलंय."

तिसरा कागद म्हणजे गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची माहितीपत्रिका. कोणा सहकाऱ्याने दिली होती. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाकाठी अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार मिळतात. अट एवढीच की गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य हवे. मेहुण्यांचे दिवस गोव्यात जातात आणि रात्री महाराष्ट्रात. वास्तव्य मोजले जाते ते रात्रींवरून.

चौथा कागद म्हणजे रेशनकार्ड. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ त्या वर्षी मुख्यत्वे पिवळ्या आणि केशरी कार्डांना होता. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या पुढे गेले की कार्ड पांढरे होते. आमच्या बहिणीच्या घरचे कार्ड पांढरे. पुढे जुलै २०२३ मध्ये शासनाने ही योजना सर्व कार्डधारकांना लागू करण्याचे ठरवले, मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर नेली, आणि १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. हे चांगलेच झाले. तरी ठरलेली रुग्णालये आणि ठरलेल्या उपचारांची यादी आजही आहेच, आणि मध्यरात्री रिक्षात ग्लानीत पडलेल्या पोराला घेऊन जाणारी वीस वर्षांची मुले अंगीकृत रुग्णालय कोणते, याची चौकशी करीत हिंडतील अशी अपेक्षा ज्याला करायची त्याने करावी.

मुलगा बरा झाला. सात दिवसांनी घरी आला. बिल लाखावर गेले होते. त्यासाठी बहिणीच्या बांगड्या गहाण पडल्या.

आता प्रश्न असा की, येथे चुकले कोण? अपघाताचा विमा अपघातापुरता असणार, हे उघड आहे. कामगारांसाठी असलेल्या योजनेला कोठेतरी वेतनमर्यादा असणार. गोव्याच्या जनतेच्या करातून चालणारी योजना गोव्याच्या रहिवाशांसाठी असणार. गरिबांसाठीची योजना गरीब कोण हे ठरवल्यावाचून चालणार नाही. एकेक नियम सुटा घेतला तर त्यात आक्षेप घ्यावा असे फारसे काही सापडत नाही. चारही नियम एकत्र केले की मात्र त्यांच्या मधल्या जागेत एक तापाने फणफणलेला मुलगा उरतो. अन्याय समोर दिसतो आहे, पण अन्याय करणारा सापडत नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे. आपली नीतीची शिकवण बहुतांशी पाप करणाऱ्या माणसाला धरून रचलेली. चौकटीतच छिद्र पडले आणि प्रत्येकाने आपापले काम चोख केले, तर पापनिवेदनाला जायचे कोणी?

विद्यार्थी या छिद्रातून हमखास खाली पडतो, याला कारण आहे. तो बापाच्या छत्राखालून अर्धा निघालेला असतो आणि स्वतःच्या मिळकतीपर्यंत पोहोचलेला नसतो. त्याचे नाव एका गावात आणि देह दुसऱ्या गावात. शाळकरी मुलांसाठी राज्याची अपघात सानुग्रह योजना आहे. ती बारावीशी संपते, आणि तीही अपघाताचीच. तरुणाला आजार कोठला, हा समज सर्वांच्या मनात घट्ट बसलेला, त्याच्या स्वतःच्याही. जर्मनीत मात्र आरोग्यविम्याचा कागद पुढे ठेवल्यावाचून विद्यापीठ विद्यार्थ्याची नावनोंदणीच करीत नाही. आपल्या भागातून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात कळते. त्या देशात आजारपणाचा विमा कायद्याने आला तो १८८३ साली, बिस्मार्कच्या हातून, आणि बिस्मार्क काही संत नव्हता. म्हणजे हे करायला संतपणा लागतो असेही नाही.

विम्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. दोराला जो हात लावतो त्याला वाटा मिळतो. दोर न ओढता वाटा मागणाऱ्याला कोणी देत नाही, आणि देऊ लागले तर उद्या दोर ओढायला कोणी यायचे नाही. विमा ही अशीच रापण आहे. वर्गणी, मुदत, मर्यादा यांची कुंपणे तिला लागतातच. तरीपण लहानपणी आम्ही पहाटे त्या वाळूत घुटमळत असू, आणि दोराला आमचा हात पोहोचतही नसे. तेव्हा जाळे रिकामे होताना कोणी ना कोणी आमच्या टोपलीत चार तारले टाकीत असे. तो वाटा नव्हता. त्याचा हिशेबही कोणी ठेवीत नसे. या पोरांचेच हात उद्या दोराला लागायचे आहेत, एवढे त्या रापणकारांना कळत होते.

इतके लिहून आम्ही थांबलो असतो तर हा लेख आमच्या वाचकांना गोड वाटला असता. पण आम्हांला आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे.

शिरोडेकरांना मोठे दुखणे म्हणजे बांबोळी. तेथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पर्यंत, पोर्तुगीज अमदानीतल्या वैद्यकशाळेपर्यंत मागे जाते. पण आमच्या लोकांच्या लेखी ते केवळ 'बांबोळी'. आमच्या तालुक्यात डॉक्टरांनी 'पुढे न्या' म्हटले की हे 'पुढे' कोणते, हे कोणी विचारीत नाही. जानेवारी २०१८ पासून गोवा शासनाने परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क लावले आणि सिंधुदुर्गात संतापाची लाट उसळली. त्या मार्चमध्ये दोडामार्गला मोठे आंदोलन झाले. आम्हीही त्या काळात तावातावाने बोललो. गोव्याच्या हॉटेलांत राबणारे हात आमचे, बाजारात जाणारी भाजी आमची, आणि आजारी पडलो की मात्र आम्ही परके, असे आमचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. पण गोवेकरांचेही खरे होते. खाटा मोजक्या, कर त्यांचा, आणि वऱ्हांड्यात जमिनीवर निजणारे रुग्ण त्यांच्याही घरचे. शिवाय आमच्या जिल्ह्याला ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२१ उजाडले. त्याचा जाब आम्ही गोव्याला विचारायचा की आमच्याच राज्यकर्त्यांना, हे तेव्हा आम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवले होते.

त्या आंदोलनाच्या दोनएक वर्षे आधीची गोष्ट आम्हांला आठवते, आणि आठवू नये असे वाटते. आमच्याकडे होड्यांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी माणसे कामाला असतात. त्यांतला एक खलाशी काविळीने खंगला होता. त्याच्या उपचारासाठी कोणीतरी आमच्या एका मदत मंडळाकडे अर्ज आणला. आम्ही त्या मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. मंडळाची घटना स्पष्ट होती. निधी धर्मग्रामातील कुटुंबांसाठी. एका सभासदाने तेवढे वाक्य वाचून दाखवले. कोणी कठोर शब्द बोलले नाही. उलट सर्वांना वाईटच वाटले, आणि वाईट वाटून आम्ही पुढच्या विषयाकडे, म्हणजे सणाच्या रोषणाईच्या खर्चाकडे वळलो. त्या माणसाचे पुढे काय झाले याची चौकशी आम्ही केली नाही. २०१८ मध्ये बांबोळीच्या नावाने बोटे मोडताना आम्हांला तो अर्ज एकदाही आठवला नाही. आठवला तो २०२२ साली, एका परक्या शहरातल्या रुग्णालयाच्या बाकावर, मेहुण्यांच्या मांडीवरची पिशवी पाहताना. आमच्या भाच्याला चार ठिकाणी जे ऐकावे लागले, तेच वाक्य आम्ही स्वतःच्या तोंडाने, तितक्याच नियमाला धरून, तितक्याच सौजन्याने उच्चारलेले होते.

कायद्याने या बाबतीत आमच्यापेक्षा अधिक स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. अपघातग्रस्ताला आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. त्यानंतरचा एक खटला अधिक बोलका आहे. १९९२ साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला मार लागलेला. एकामागून एक सरकारी रुग्णालये त्याला परत पाठवीत गेली; कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. अखेर खासगी रुग्णालयात सतरा हजार रुपये भरून त्याने उपचार घेतले. १९९६ साली न्यायालयाने निवाडा दिला की, तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची चणचण ही राज्याची सबब होऊ शकत नाही. ख्रिस्तसभेनेही हे सांगितलेले आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ सालच्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात माणसाच्या हक्कांची यादी दिली, तिच्यात अन्नवस्त्राबरोबर वैद्यकीय उपचार आणि आजारपणातील सुरक्षितता ही दोन्ही आहेत. हक्क माणसाचा सांगितला आहे, कार्डधारकाचा नव्हे.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. तो संत लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि लूक हा परंपरेने वैद्य मानला जातो. प्रवचनांत बहुधा तीनच माणसांवर भर असतो. दोघे जे वळसा घालून गेले आणि एक जो थांबला. चौथ्याकडे आमचे लक्ष या आजारपणानंतरच गेले. तो धर्मशाळेचा मालक. शोमरोन्याने त्याच्या हाती दोन दिनार ठेवले, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देईन असे सांगितले. किती अधिक, याची मर्यादा घातली नाही. कोणत्या आजारासाठी, हे ठरवले नाही. आणि मालकाने तरी काय पाहून होकार द्यावा? समोर एक परप्रांतीय, ज्या जमातीशी आपल्या लोकांचा व्यवहार नाही असा. खाटेवर एक अनोळखी, नागवा, बेशुद्ध मनुष्य, ज्याचे नाव-गाव सांगणारे कोणी नाही. त्याने ते आश्वासन खरे धरले. शोमरोनी परत आला की नाही, बाकीचे पैसे चुकते झाले की नाही, हे शुभवर्तमानात दिलेले नाही.

विम्याच्या कंपनीने असे वागावे, असे आम्ही म्हणत नाही. ती आठवड्यात बुडेल. पण विद्यापीठांना एवढे करता येण्यासारखे आहे की, फीबरोबर जी रक्कम ती घेतातच, तिच्यात थोडी भर घालून अपघाताबरोबर आजारही धरावा, आणि मूल ज्या गावात शिकते त्या गावात ते चालावे. आणि गावोगावच्या मंडळांना, आमच्यासुद्धा, निधीचा एखादा हिस्सा असा ठेवता येईल की ज्याच्या अर्जावर पत्ता विचारला जाणार नाही. आम्ही तशी सूचना मांडली आहे. चर्चा पुढच्या बैठकीवर गेली आहे.

भाचा आता पुण्यात नोकरीला आहे. पहिल्या पगारातून त्याने मित्रांचे पैसे फेडले. खाणावळवाल्यांचे एकोणीस हजार मेहुण्यांनी त्याच वर्षी, नाताळच्या आधी, नेऊन दिले होते. त्यांनी मोजून न पाहता गल्ल्यात टाकले आणि दोघांना जेवल्याशिवाय सोडले नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात धाकट्या भाचीला त्याच शहरात प्रवेश मिळाला. अर्ज भरायला ती आमच्याकडे बसली होती. 'कायमचा पत्ता' या रकान्यात तिने शिरोडा लिहिले. 'सध्याचा पत्ता' तूर्त कोराच राहिला, कारण वसतिगृहाचे नक्की व्हायचे होते. त्याखाली 'स्थानिक पालक' असा रकाना होता. तेथे तिच्या आईने खाणावळवाल्यांचे नाव आणि फोन नंबर सांगितला. त्यांना विचारून ठेवले होते. पुढचा रकाना 'नाते'. भाची लिहिता लिहिता थांबली.

"मामा लिहू?" तिने विचारले.

आम्ही, तिचे खरे मामा, समोरच बसलो होतो. लिही म्हणालो.